तुझ्या सह्यांचं वर्ष

शालिनी, काल एप्रिलची ग्रामसभा झाली. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. शाळेच्या पटांगणात तंबू लावला होता. मंचावर तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि शेजारच्या खुर्चीत मी. सरपंचबाईंच्या वर्षभराच्या कामांचं प्रतिवेदन मीच वाचून दाखवलं. आधी लोकांनी दोन मिनिटं मौन पाळलं. मौनात कुणाचा तरी मोबाइल वाजला, पण रिंगटोन भजनाची होती, त्यामुळे शोभून गेलं.

तुझ्याबद्दल गोड लिहायला बसलेलो नाही. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने ‘देवी थीं’ म्हणून साखर पेरली आणि श्रीखंड-पुरी खाऊन गेला. तू देवी नव्हतीस. तू हट्टी होतीस, तुझ्या हातची आमटी दिवसाआड खारट व्हायची, आणि लग्नाला तीस वर्षं झाली तरी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू ‘पण’ म्हणायचीस. मराठीत लिहितोय, कारण माळव्यातल्या या गावात मराठीचा कागद शेवटपर्यंत वाचणारी तू एकटीच होतीस. आपला समीर घरात मराठी बोलतो, पण शिकला हिंदीत. चार ओळी वाचल्या की त्याला जांभई येते. म्हणून इथे खरं लिहायला मला भीती नाही.

तुला सरपंच व्हायचं नव्हतं, मला व्हायचं होतं. दहा वर्षं मी गावातल्या लग्नांत पंगती वाढल्या, मयतांना लाकडं वाहिली, बागलीच्या बाजारात भेटेल त्याला चहा पाजला. आणि ऐन वेळी आपल्या पंचायतीची जागा महिलेसाठी राखीव निघाली. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी पंचायतीचा सचिव मोहन ओट्यावर येऊन बसला.

‘‘भिया, टेंशन कायको लो हो? काकीजी के खड़ी करी दो. काम तो तमारेज करनो हे.’’

तू आतून ऐकत होतीस. चहा घेऊन बाहेर आलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘‘म्हणजे उभी मी राहायचं आणि बसायचं तुम्ही?’’ मोहनला मराठी नीटसं कळत नाही, तरी तो हसला. मीही हसलो. तुला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

आपल्यात तोंडावर पदर घेत नाहीत. धारला तुझ्या माहेरी तर तुझी आजीसुद्धा डोक्यावर पदर आणि तोंड उघडं ठेवून दरबारच्या लोकांशी बोलायची. पण मला गावाची रीत दिसत होती. शपथेच्या दिवशी मी तुला हनुवटीपर्यंत पदर ओढायला लावला. लोकांना बघायला बरं वाटतं, म्हटलं. तू ओढलास. रजिस्टर पुढे ठेवलं तर तू सही केलीस टेबलावरच्या फडक्यावर. मग पदर मागे सारून सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘‘अहो, मला दिसत नाहीये.’’ हॉल खो खो हसला. घरी आल्यावर मी तुला काय काय बोललो ते तुझ्या लक्षात असेलच. माझ्या लक्षात एवढंच आहे की तू ऐकत ऐकत गवार मोडत होतीस आणि एकही शेंग खाली पडली नाही.

माझं पद झालं ‘सरपंच प्रतिनिधी’. असं पद कायद्यात कुठेच नाही, पण आपल्या भागात ते प्रत्येक दुसऱ्या जीपच्या काचेवर आहे. पंचायतीच्या खुर्चीत मी बसायचो. तू सोमवारी यायचीस, बाजूच्या बाकावर बसून सह्या करायचीस आणि मोहनच्या बायकोची चौकशी करून परत जायचीस. सुरुवातीला मला वाटलं, सुटलो. मग लक्षात आलं की तू कागद वाचतेस. हिंदीतला सरकारी कागद, ज्यातलं मला स्वतःला अर्धं कळत नाही, तो तू बोट ठेवून ओळीओळीने वाचायचीस. मोहन घड्याळाकडे बघायचा. मी छताकडे.

आता कामं सांगतो, काल वाचली तशीच. पहिलं स्वागतद्वार. गावात शिरताना एवढं मोठं दार आसपासच्या कुठल्याच गावाला नाही. वर मोठ्या अक्षरांत तुझं नाव, त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माझं. मग सिमेंटचा रस्ता, जो देवळापासून निघून नेमका आपल्या दारापाशी संपतो. शाळेची भिंत. शंभर झाडं, ज्यांचे फोटो आम्ही तीन बाजूंनी काढले कारण जी जगली ती एकाच कोपऱ्यात होती, बाकीची बकऱ्यांनी खाल्ली. घरोघरी नळ. वरच्या फलियात, म्हणजे नाल्यापलीकडच्या भिलांच्या वस्तीतसुद्धा नळ पोचले. पाणी मात्र चढ चढून तिथवर पोचत नाही. कमलीबाईच्या घरी त्या नळाला वासरू बांधतात, हे तूच मला सांगितलंस. मी हसलो तेव्हा तू हसली नाहीस.

आणि शेवटचं काम रपटा. नाल्यावरचा तो बुटका पूल, ज्याच्यासाठी तुझं माझं सगळं बिनसलं.

गेल्या पावसाळ्यात नाला तीन दिवस भरून वाहत होता. कमलीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. बाजेवर घालून तिला नाल्यापर्यंत आणलं आणि पुढे पाऊल टाकता येईना. निरोप आला तेव्हा मी दुकानात होतो. गुडघ्यापर्यंत साडी खोचून तू एकटी धावत गेलीस. काय उपयोग होता? तू अलीकडे, त्या पलीकडे. सून तिथेच बाजेवर बाळंत झाली आणि पोर काही हाती लागलं नाही. तू संध्याकाळी भिजून आलीस आणि न जेवता भिंतीला टेकून बसलीस. म्हणालीस, ‘‘कमली पलीकडून ओरडली, काकीजी, तुम तो सरपंच हो. मी इकडून हो म्हटलं. अहो, मला इतकी लाज वाटली.’’

पाणी ओसरल्यावर तू फलियात गेलीस आणि कमलीच्या हातावर हात ठेवून शब्द देऊन आलीस, की पूल खरोखर उभा राहीपर्यंत कागदावर मी तो झाला म्हणणार नाही. मला न विचारता. मी म्हटलं, शब्द देणारी तू कोण? तू म्हणालीस, ‘‘सरपंच.’’ त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण घरात सापाला दूध पाजलंय. हे मी तुला तोंडावर बोललोही होतो. आज खोडायला हवं, पण खोडत नाही.

रपटा मंजूर झाला, तोही तुझ्याच खेपांनी. काम मी करून घेतलं. नाल्यात दोन मोठे पाइप टाकले, वर मुरूम पसरला. सिमेंट आलं होतं, नाही असं नाही. पण त्याच दिवसांत स्वागतद्वाराचे खांब चालले होते आणि तिथे कमी पडत होतं. म्हटलं, द्वार आधी होऊ दे, नाल्याचं पावसाआधी बघू. फोटो असा काढला की पाइपांच्या वरचं मोकळं आकाश जास्त दिसावं. मोहन त्यात वाकबगार आहे.

तुझी सही दोन प्रकारची होती. एक हाताची. दुसरी एका डोंगलात, बोटाएवढ्या त्या तुकड्यात. कॉम्प्युटरला लावून पिन टाकला की सरपंचाची सही होते. ते पहिल्या दिवसापासून माझ्या खिशात होतं. पिन मी तुझ्या जन्मतारखेचा ठेवला होता. त्या पिनच्या निमित्ताने तरी तुझा वाढदिवस माझ्या लक्षात राहिला. होळीच्या सुमारास एक दिवस खिशात हात घातला तर डोंगल नाही. तू सदरा धुवायला घेताना काढून घेतलं होतंस आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं होतंस, खेड्यातली बाई किल्ल्या बांधते तसं.

‘‘ते दे,’’ मी म्हटलं.

‘‘रपटा झाला की देते.’’

‘‘झालाय.’’

‘‘मग मी बघून येते.’’

मार्च होता. एकतीसच्या आत सगळी कामं कॉम्प्युटरवर ‘पूर्ण’ म्हणून चढली तर तालुक्यात आपली पंचायत पहिली येणार होती. स्टेजवर सत्कार, शाल, पेपरात फोटो. एक रपटा सोडला तर सगळं चढलं होतं. आणि तुझे पाय सुजायला लागले होते. चार पावलांवर तुला दम लागायचा. इंदूरच्या डॉक्टरने लगेच दाखवायला बोलावलं होतं. मी म्हटलं, मार्च निघू दे. आता इंदूरला जाऊन आठ दिवस पडलीस तर सही कोण करणार? तूही फार ताणलं नाहीस. ‘बरं’ म्हणालीस. तुझ्या त्या ‘बरं’चा मला आता फार आधार आहे. कुणी विचारलं तर सांगतो, तिचीच तयारी नव्हती.

तुला गाडीने इंदूरला जायला वेळ नव्हता, पण पायी नाल्यावर जायला होता. भर दुपारी गेलीस. परत आलीस तेव्हा ओठ निळसर पडले होते. पायरीवर बसून आधी पाणी प्यायलीस आणि मग म्हणालीस, ‘‘दोन पाइप आहेत नुसते. त्यात पोरं लपाछपी खेळतायत. पहिल्या पुरात पाइप जातील, त्यांच्याबरोबर एखादं पोरही जाईल.’’

‘‘पुढच्या वर्षी करू की पक्का.’’

‘‘मग पुढच्या वर्षी सही करीन.’’

‘‘त्या लोकांसाठी नवऱ्याला तोंडघशी पाडणार तू?’’

‘‘तुम्ही खुर्चीत बसा, सत्कार घ्या, दारावर नाव घाला. मी कधी काही म्हटलं? हे एक काम तेवढं माझं आहे.’’

मग मी म्हणालो, ‘‘तुझं काय आहे या गावात? माझ्या नावावर निवडून आलीस. तू नुसता अंगठा आहेस माझा.’’

तुझा चेहरा मला दिसत होता, पदर नव्हता. तू गाठ चाचपून पाहिलीस आणि आत गेलीस. त्या दिवसापासून आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. ताट समोर आलं की जेवायचो, पाणी हवं असलं तर उठून घ्यायचो. अबोला धरण्यात माझा हात कुणी धरत नाही.

एक सांगू? त्या आठ दिवसांत मला सारखी एकच गोष्ट आठवत होती. मागे माझा हात मोडला होता, तेव्हा तीन आठवडे तू माझी दाढी करायचीस. वस्तरा गळ्यावर असायचा आणि मी डोळे मिटून मान मागे टाकायचो. कधी कधी झोपसुद्धा लागायची. दुसऱ्या कुणापुढे मी अशी मान टाकलेली नाही. तेव्हा तुला ‘बरं वाटतंय’ एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. आज म्हणतो. बरं वाटायचं, शालिनी. फार बरं वाटायचं.

मंगळवारी सकाळी मी चपला घालत होतो. तू खाटेवर बसली होतीस, हात मागे टेकून. म्हणालीस, ‘‘अहो, जरा थांबता का? मला कसंतरी होतंय.’’ आठ दिवसांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, ‘‘सही करतेस का?’’ तू मान हलवलीस. नाही. मी गेलो. दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं तेवढ्यात समीर धावत आला.

आपलं शेवटचं बोलणं हे असं आहे. तीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं बोलणं म्हणून दुसरं काही बसवून पाहिलं. बसत नाही.

तुला अंघोळ घालताना माझी बहीण कुसुम बाहेर आली आणि माझ्या हातावर काहीतरी ठेवून म्हणाली, ‘‘दादा, वहिनीच्या पदराला हे बांधलेलं होतं. इतकी घट्ट गाठ की कापावी लागली. पेनड्राइव्ह आहे का रे?’’ मी हो म्हटलं आणि खिशात टाकलं. अंगण भरलेलं होतं. कमलीबाई फलियातल्या आठ-दहा बायका घेऊन आली होती. ती रडत नव्हती. तुझ्या पायांजवळ बसून सुजलेली पावलं दाबत होती, तुला अजून दुखत असल्यासारखी.

बुधवारी मोहन आला. डोळे पुसले, चहा प्यायला, कप खाली ठेवला.

‘‘भिया, एक वात बोलूं? बुरो मत मानजो. काकीजी की तारीख अबी रजिस्टर में चढ़ई नी हे. शनिवार की चढ़ई दां? बीच में रपटो पूरो चढ़ी जायगो. नी तो साल भर की मेहनत पाणी में.’’

गावातल्या मृत्यूची नोंद पंचायतीतच होते आणि ती मोहनच करतो, हे तुला ठाऊक आहे. खबर देणाऱ्याची सही लागते. मला वाटलं होतं की हे ऐकून मी त्याच्या मुस्काटात मारीन. मी त्याला विचारलं, शनिवारच का? म्हणाला, ‘‘शुक्कर के करी लां, एक दन हाथ में रे.’’ सही शुक्रवारची, मरण शनिवारचं, एक दिवस हाताशी असावा. मी खिशातून डोंगल काढून त्याला दिलं आणि तुझी जन्मतारीख सांगितली. फॉर्मवर खबर देणाऱ्याच्या जागी लिहिलं, पती. ती सही मात्र मी स्वतःच्या हाताने केली.

शुक्रवारी मी नेमावरला होतो. नर्मदेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तुझ्या अस्थी सोडल्या. भटजींनी तुझं नाव, गोत्र घ्यायला लावलं. त्याच सुमारास इकडे तू रपट्यावर सही केलीस. शनिवारी तू कागदावर वारलीस. आम्ही तालुक्यात पहिले आलो. शाल घरी आणलीये, तुझ्या कपाटात ठेवली आहे.

मला वाटलं होतं, संपलं. कोण कागद बघतं? पण काल प्रतिवेदनात सगळ्यांत शेवटी मी वाचलं, ‘‘नाले पर रपटा निर्माण, पूर्ण,’’ आणि मागच्या रांगेत कमलीबाई उभी राहिली.

‘‘पूरा कोन बोला?’’

मोहन म्हणाला, ‘‘सरपंच मैडम की सही हे, बाई. बैठ जाव.’’

‘‘कब की?’’

तो खरंच मूर्ख आहे. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि तारीख वाचली. वर शुक्रवार असंही सांगितलं.

‘‘शुक्कर?’’ कमली म्हणाली. ‘‘मंगल को तो हम बैठने आया था. काकीजी आंगन में सुलाई रखी थी. मैंने पांव दबाया उनका.’’

सगळे माझ्याकडे बघत होते. माइक माझ्या हातात होता. एक वाक्य पुरे होतं, शालिनी. तिने सही केली नाही, मी केली. मग शाल गेली असती, मोहनची नोकरी गेली असती, माझ्यावर केस झाली असती. या वयात ते सोसलंही असतं. पण पाहिलं तर समोर ते सगळे बसले होते, दहा वर्षं ज्यांच्या पंगतीत मी वाढलं होतं.

मी म्हणालो, ‘‘बाई, सही उन्होंने पहले ही कर दी थी, बीमारी में. कॉम्प्युटर में तारीख बाद की चढ़ती है.’’

‘‘मेरे को तो बोली थी, नी करूंगी. हाथ पे हाथ रख के बोली थी.’’

‘‘बोली थीं. फिर मैंने समझाया, तो मान गईं.’’

ती माझ्याकडे बघतच नव्हती. हार घातलेल्या तुझ्या फोटोकडे बघत होती. भांडेल, ओरडेल, मला खोटारडा म्हणेल असं वाटत होतं. मी त्याचीच वाट बघत होतो म्हण ना. पण तिने माझं खरं मानलं. मान हलवली, अंगावरचं लुगडं सावरलं.

‘‘तो वो बी तुमारे जैसी ज थी,’’ ती म्हणाली.

इतकं वाईट तुला जन्मात कुणी बोललं नव्हतं, शालिनी. आणि मी माइकवरून ‘हां’ म्हटलं.